बाफोमेट: सैतान म्हणण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. बोकडाचं डोकं, पाठीला पंख, मांडी घालून बसलेली साडेआठ फुटी ब्राँझची मूर्ती. फोटो पाहिला की पहिला उद्गार ठरलेला: हा तर सैतान! तिचं नाव बाफोमेट.

नाव जुनं आहे. १३०७ साली फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांची धरपकड केली. ते कुठल्याशा मुंडक्याची पूजा करतात, हा एक आरोप. बाफोमेट हे नाव त्या चौकशीतच पुढे आलं. राजा त्यांचाच कर्जदार होता, हेही लक्षात ठेवा. हालहाल करून जबान्या घेतल्या, पण त्या जुळेनात. एकाला मुंडकं दाढीवालं दिसलं, दुसऱ्याला अनेक तोंडांचं.

आजचं रूप आलं ते पाचशे वर्षांहून अधिक काळाने, एलिफास लेवी या फ्रेंच गूढविद्येच्या अभ्यासकाच्या चित्रातून. हा गृहस्थ तरुणपणी पाद्री व्हायला निघालेला. १८५०च्या दशकात त्याने उच्च जादूविद्येवर ग्रंथ लिहिला आणि त्यात हे चित्र घातलं. ते डोळ्यांसमोर आणा. दोन शिंगांच्या मधोमध जळती मशाल, म्हणजे पशूच्या माथ्यावर ज्ञानाचा उजेड. कपाळावर पंचकोनी तारा, टोक वर. एक हात वर, पांढऱ्या चंद्राकडे. दुसरा खाली, काळ्या चंद्राकडे. हातांवर लॅटिनमध्ये दोन आज्ञा: विरघळव आणि घट्ट कर. या किमयागारांच्या आज्ञा. पदार्थ आधी मोडायचा, मग नव्याने जुळवायचा. छाती स्त्रीची, आणि मांडीवर दोन सापांनी वेढलेला दंड. पशू आणि माणूस, नर आणि मादी, उजेड आणि अंधार असे सगळे विरोध लेवीने एका देहात बसवले. त्याला दाखवायचा होता समतोल. पण टॅरो, म्हणजे भविष्य सांगायचे पत्ते, त्यांच्या १९०९च्या प्रसिद्ध संचात सैतानाच्या पत्त्यावर असंच रूप आलं, पायाशी साखळीने बांधलेलं एक जोडपं आलं, आणि लोकांच्या मनात बसलं ते तेच.

आता अमेरिका. ओक्लाहोमाच्या विधानभवनाच्या आवारात बायबलमधल्या दहा आज्ञांची शिळा बसली होती. ‘सॅटॅनिक टेंपल’ या संघटनेने म्हटलं, सरकारी जागेत एका धर्माला जागा, तर आमच्या बाफोमेटच्या मूर्तीलाही द्या. गंमत म्हणजे ही मंडळी सैतान नावाचं कोणी खरोखर आहे असं मानतच नाहीत. त्यांच्या लेखी तो बंडाचं प्रतीक. २०१५च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिळा हलवायला सांगितलं. शेजारी मूर्ती बसवण्याचं कारणच उरलं नाही. तिचं अनावरण मग जुलैत डेट्रॉइटमध्ये झालं.

या मूर्तीत दोन बदल आहेत. दोन्ही बाजूंना एक मुलगा आणि एक मुलगी, तिच्याकडे कौतुकाने पाहणारी. आणि स्त्रीची छाती गायब! माझ्या मते इथे लेवीचा गाभाच हरवला. सैतान उघडपणे मिरवणाऱ्यांनीही नेमकं तेच गाळावं, हे मला मोठं मजेशीर वाटतं. नर-मादीचा मेळ आता बाजूच्या दोन मुलांवर सोपवलेला. टॅरोमधल्या साखळ्या मात्र गेल्या, हे बरं झालं.

२०१८च्या ऑगस्टमध्ये हीच मूर्ती ट्रकवर चढून आर्कान्सासच्या विधानभवनासमोर आली. तिथेही दहा आज्ञांची शिळा होती. सभा झाली, विरोधकांनी घोषणा दिल्या, आणि बाफोमेट ज्या ट्रकवरून आला त्याच ट्रकवरून परत गेला.