एका तासिकेत मावणारी गोष्ट

गोष्ट कशी सांगितली जाते, हे गाण्यांतून शिकवायच्या तासिकेत विद्यार्थ्यांच्या हातात गाण्याच्या शब्दांचा कागद आहे. गाणे मात्र अजून लावलेले नाही. चाल आणि वाद्यमेळ प्रत्येक ओळीला काय वाटावे हे परस्पर ठरवून टाकतात, म्हणून आधी नुसते शब्द वाचून कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे आणि बोलणाऱ्याला कितपत ठाऊक आहे, हे शोधायचे. गाणे लावून वर्गाला खूश ठेवण्याचा हा उद्योग नव्हे.

कादंबरीचा शेवट येईपर्यंत तिची सुरुवात पुसट झालेली असते. गाणे काही मिनिटांत संपते आणि शेवट कळल्यावर लगेच पहिल्या ओळीकडे परतता येते. निवेदकाची चलाखी उघडी पडते ती या दुसऱ्या वाचनात.

अमेरिकन गायिका-गीतकार बॉबी जेन्ट्री यांचे १९६७ मधील ‘ओड टू बिली जो’ हे गाणे घ्या. ओळखीच्या मुलाने पुलावरून उडी टाकल्याची बातमी आई जेवणाच्या वेळी सांगते, वडील त्याच्या अकलेवर शेरा मारून पुढचा पदार्थ मागतात आणि गोष्ट सांगणारी मुलगी स्वतःच्या मनाविषयी अवाक्षर काढत नाही. तिने घासही घेतलेला नाही, हे आपल्याला कळते ते आईच्या तोंडून. तिच्यासारखी दिसणारी कोणी मुलगी त्या मुलासोबत पुलावरून काहीतरी टाकताना दिसली होती, हेही आईच सांगते. काय टाकले, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. वर्ग साहजिकच त्याचा छडा लावू पाहतो; शिक्षकाने मात्र निवेदिका ते का सांगत नाही, या प्रश्नाकडे चर्चा वळवायला हवी.

१९५५ मध्ये आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची मांडणी वेगळी आहे. पहिल्याच गीतात कुश-लव रामकथा गातात ती प्रत्यक्ष रामासमोर. हे पिता-पुत्र आहेत, हे श्रोत्यांना माहीत असते, त्या तिघांना नसते. कथेतली कथा आणि नाट्यात्म उपरोध (पात्राला ठाऊक नसलेले श्रोत्याला ठाऊक असणे) यांचे इतके सुटसुटीत उदाहरण गद्यात सहजी सापडणार नाही. पुढे कौसल्या, भरत, सीता आपापल्या तोंडून बोलू लागतात आणि दृष्टिकोन बदलला की तीच कथा कशी पालटते, हे गीतागणिक तपासता येते.

धृपद, म्हणजे कडव्यांनंतर पुन्हा पुन्हा येणारी ओळ, ही तर गाण्याचीच खास सोय आहे: शब्द तेच राहतात, पण दोन कडव्यांमध्ये जे घडले त्याने त्यांचा अर्थ सरकलेला असतो.

तासिकेच्या शेवटी जेन्ट्री यांच्या गाण्यातला जेवणाचा प्रसंग आईच्या निवेदनातून, एकही नवी घटना न घालता, लिहायला दिला जातो. त्यासाठी लेखणी उचलण्यापूर्वी आईला काय ठाऊक नाही, हे प्रत्येकाला ठरवावे लागते.