पोदेराचा हॉर्न आणि बोंडू

(पहाट. फोंडा तालुक्यातलं एक गाव. चिऱ्याचं कुंपण, रात्रीच्या पावसाने ओली झालेली पोफळीची बाग. दुरून आवाज.)

पोंप, पोंप.

गोव्यातल्या गावाला कोंबड्याआधी हा रबरी भोंगा जागं करतो. सायकलवर बांबूची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आत गरम उंडे आणि पोळी, हे इथले पावाचे प्रकार. पोदेर, म्हणजे पाववाला, वळणावर आला की बाया पिशव्या शोधायला लागतात, आणि या घरातला बोंडू फाटकाकडे सुटतो.

(फाटक. कुत्रा दोन पायांवर उभा, गजांतून नाक बाहेर, भुंकणं अखंड.)

बोंडू दीड वर्षाचा. पिकलेल्या काजूबोंडासारखा रंग, म्हणून बोंडू. जात कुठली म्हणून विचारलं तर आजी सांगतात, "आमच्या वाड्यावरची." दोन महिन्यांचा असताना नातवाने भर पावसात शर्टाखाली लपवून आणला होता. तेव्हा तो तळहातावर मावायचा. आता फाटकावर उभा राहिला की पोदेराच्या खांद्याला लागतो.

घरातल्या सगळ्यांचं एकमत आहे की या कुत्र्याला कुणी काही शिकवलेलं नाही. मला ते पटत नाही. बोंडूच्या बाजूने बघा. एक परका माणूस भोंगा वाजवत दारात येतो. बोंडू भुंकतो. माणूस निघून जातो. पोदेर जाणारच होता, त्याला पुढे सगळा वाडा पडलाय. पण हे बोंडूला कोण सांगणार? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वर्षाला सातशेहून जास्त लढाया, आणि बोंडू एकही हरलेला नाही. इतका पक्का धडा आपल्यापैकी किती जणांनी शाळेत गिरवला?

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रशियात इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. १९०४ सालचं नोबेल त्यांना मिळालं ते याच पचनाच्या कामासाठी. त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. खाणं समोर यायच्या आधीच, ते आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीने कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटत होतं. पुढे त्यांनी मेट्रोनोमचा ठोका, घंटी असल्या आवाजांवर हेच करून पाहिलं. आवाज आणि खाणं लागोपाठ येत राहिलं की कुत्र्याच्या लेखी आवाजाचा अर्थ बदलतो. इथे भोंग्याचा अर्थ आहे, "शत्रू आला." तो बदलता येईल का, एवढंच पाहायला आम्ही कॅमेरा घेऊन आलो होतो. पण घरात पाऊल टाकलं आणि कळलं की सुरुवात फाटकापासून करून भागणार नाही.

(स्वयंपाकघर. पाटावर आजी, बाजूला बोंडू.)

पहिला घोटाळा भाषेचा. आजोबा म्हणतात "बस." नातू म्हणतो "सिट." भांडी घासायला येणाऱ्या बाई कोकणीत म्हणतात "सकल बस," म्हणजे खाली बस. शब्द तीन, तेही एक वेळ चाललं असतं. पण "बस" हा शब्द या घरात दिवसभर तरंगत असतो. "बस झाला आता तो मोबाईल." "साडेआठची बस चुकली." "बस बस, भात नको." पाहुणा आला की "बसा, बसा." आणि या सगळ्यात मध्येच एकदा बोंडूकडे बघून, आवाज चढवून, "बस!" बोंडू शेपूट हलवतो आणि उभाच राहतो. त्याच्या जागी मीही उभा राहिलो असतो.

म्हणून आधी शब्द बाजूला ठेवायचा आणि हाताने सुरुवात करायची.

(अगदी जवळून: आजोबांची बोटं, चिमटीत उकडलेल्या चिकनचा तुकडा.)

तुकडा वाटाण्याएवढा. मीठ-मसाला काही नाही, कांदा तर अजिबात नाही, तो कुत्र्याला बाधतो. तुकडा नाकासमोर धरायचा. बोंडूचं नाक ओलं, नाकपुड्या हलतायत. आता हात सावकाश नाकावरून कपाळाकडे, किंचित मागे. नाक तुकड्याच्या मागे वर जातं, मान वर जाते, आणि मागचा भाग आपसूक जमिनीला टेकतो. टेकला त्याच क्षणी "शाब्बास," आणि तुकडा तोंडात. हात फार उंच गेला तर तो उडी मारतो. घाईने मागे नेला तर बसायच्या ऐवजी मागे मागे सरकतो. आजोबांचं पहिल्या दोन खेपांना असंच झालं. तिसऱ्याला बोंडू बसला आणि आजोबा स्वतःच इतके खूश झाले की तुकडा द्यायचंच विसरले.

"शाब्बास" कधी येतं यावर सगळं आहे. नातवाने बसवलं, छान बसवलं, आणि मग खाऊ आणायला फ्रीजकडे पळाला. परत येईपर्यंत बोंडू उठला होता, दाराशी जाऊन हुंगून आला होता. त्याला खाऊ मिळाला तो हुंगून आल्याचा. म्हणून खाऊ आधीपासून हाताशी हवा, आणि "शाब्बास" एका सेकंदाच्या आत. हाताच्या खुणेवर दहापैकी नऊ वेळा बसायला लागला की मग खुणेच्या अगदी आधी शब्द म्हणायचा. या घराने बरीच चर्चा करून शब्द ठरवला "खाली." आजींनी तो खडूने फळीवर लिहून ठेवला, भांडीवाल्या बाईंसाठी आणि, त्या म्हणाल्या, आजोबांसाठीसुद्धा.

"थांब"साठी मात्र कोकणीतला "राव" घेतला. मराठी कानाला गंमत वाटते. "राव, बोंडू, राव." कुणा सरदाराला अदबीने हाक मारल्यासारखी. आजोबांना तो फार आवडलाय.

(जुने फोटो. निवेदकाचा आवाज जरा हळू.)

इथे माझंही एक सांगतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे कुत्रं होतं. घरात मुतलं की वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारायचं, नाक तिथे घासायचं, हीच शिकवणी. ते शिकलं काय? माणसासमोर मुतायचं नाही. मग ते कपाटाच्या मागे जाऊन मुतायला लागलं, आणि आम्ही त्याला लबाड ठरवलं. पिल्लाला उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच परसात न्यायचं आणि तिथे केलं की तिथेच शाबासकी द्यायची, एवढं साधं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याला दाखवून द्यायला हवं, घरात मालक कोण ते," असं आजही ऐकू येतं. या समजुतीला मोठा आधार मिळाला तो १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी लिहिलेल्या निरीक्षणांतून. ती स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची होती. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका पिंजऱ्यात आणले की भांडणारच. पुढे जंगलातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईवडील आणि त्यांची पोरं, साधं कुटुंब. पिंजऱ्यातल्या लांडग्यावरून परसातल्या कुत्र्याला बदडायचं, यात विज्ञान कमी आणि हाताची खाज जास्त.

(चतुर्थीचे मोबाईलवरचे व्हिडिओ. माटोळी, समया, गर्दी.)

बोंडूची सगळ्यात गाजलेली करामत गेल्या चवथीची. भटजी सोवळं नेसून पायऱ्या चढतायत, आणि बोंडू परसातून लाल चिखलाचे पाय घेऊन थेट त्यांच्या पोटावर. भटजींनी पुन्हा आंघोळ केली. आरती तासभर उशिरा झाली. पण अंगावर उडी मारायला त्याला लावलं कुणी? पिल्लू असताना तो उडी मारायचा तेव्हा सगळे "अगो बाई" करत उचलून घ्यायचे. तेव्हा लाड मिळाले, आता ओरडा मिळतो. त्याच्यासाठी दोन्ही म्हणजे माणसाने लक्ष दिलं. उपाय कंटाळवाणा आहे. उडी मारली की पाठ फिरवायची, हात लावायचा नाही, "नको रे" पण म्हणायचं नाही. चारही पाय जमिनीवर आले की वाकून लाड करायचे. घरात सात माणसं, सातहीजणांनी. सहांनी पाळलं आणि एकाने नाही, तर बोंडू त्या एकाच्या भरवशावर उड्या मारत राहतो.

तो एक म्हणजे आजी. जेवताना पानाशेजारी बसलेल्या बोंडूला बांगड्याचं डोकं. रोज नाही हो, त्या म्हणतात, कधीतरी. हे "कधीतरी"च जास्त घट्ट बसतं. मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोच्या बोटी यावरच चालतात. प्रत्येक खेपेला पैसे मिळाले असते तर मिळायचे थांबल्यावर माणूस उठून घरी गेला असता. दहातून एकदा, कधी ते ठाऊक नाही, म्हणून तो पहाटेपर्यंत बटण दाबत बसतो. आजींनी बांगडा बंद केला तेव्हा पहिले चार दिवस बोंडूने आधीपेक्षा दुप्पट रडगाणं लावलं. याच टप्प्यावर बहुतेक घरं हार मानतात, आणि कुत्रा शिकतो की नेहमीपेक्षा जास्त रडायचं. आजींनी पाचव्या दिवसापर्यंत दम धरला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

(गावातलं लसीकरण. जाळं घेतलेली माणसं, गाडी.)

हे सगळं नुसतं कौतुकाचं नाही. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून २०१३ पासून गोव्यात रेबीजविरुद्ध जी मोहीम चालवली, तिचा २०१९ पर्यंतचा अहवाल २०२२ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला. ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचायचं म्हणून वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, दीड लाख मुलांना शाळांतून माहिती. कुत्र्यांमधल्या दरमहा केसेस ९२ टक्क्यांनी कमी झाल्या आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. लस मात्र कुत्रा हाती लागला तरच टोचता येते. रस्त्यावरच्या कुत्र्याला जाळ्यात धरावं लागतं. फाटक उघडं असलेल्या गोव्यातल्या घरात पाळीव आणि रस्त्यावरचा यांच्यामधली रेषा तशीही पुसट. ज्याच्या कानाला, पंजाला, तोंडाला लहानपणापासून रोज हात लावून खाऊ दिलाय, तो मालकाच्या मांडीशी उभा राहून सुई टोचून घेतो. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ यासाठी सोन्याचा. छत्री, हेल्मेट, शिगम्याचा ढोल, दाढीवाला काका, सगळं या दिवसांत हळूहळू आणि गोडीने दाखवलेलं पुढे टोचत नाही. बोंडूचे ते दिवस आषाढात गेले. दारं बंद, बाहेर धो धो, पाहुणा कुणी नाही. पोदेर तेवढा रेनकोट घालून यायचा.

(दोरीवर वाळणारा रेनकोट. मग फाटक.)

तर फाटक. पडवीत, फाटकापासून दहा पावलांवर एक गोणपाट टाकलं. आधी आठवडाभर भोंगा नाहीच. नुसतं गोणपाटावर पाय ठेवला की तुकडा, बसला की दोन. मग नातवाने मोबाईलवर पोदेराचा भोंगा रेकॉर्ड करून आणला आणि आतल्या खोलीत अगदी हळू वाजवला. पोंप. बोंडूचे कान उभे. लगेच तुकडा. पुन्हा पोंप, पुन्हा तुकडा. आवाज रोज थोडा वाढवायचा. भुंकला तर ओरडायचं नाही, फक्त आवाज परत कमी करायचा, म्हणजे आपणच घाई केली होती. दिवाळीत नरकासुराच्या रात्रीच्या फटाक्यांसाठीही हेच करतात, फक्त सुरुवात दोन महिने आधी लागते.

खऱ्या पोदेरालाही सामील करून घेतलं. तो हसला. म्हणाला, या वाटेवर त्याला दोनदा कुत्रं चावलंय, दोन्ही वेळा साबणाने पंधरा मिनिटं जखम धुऊन इंजेक्शनं घेतली. काही करा, पण कुत्र्याला आवरा. त्याने चार दिवस फाटकातून बोंडूकडे न बघता उंड्याचा तुकडा गोणपाटाच्या दिशेने टाकला.

(सकाळ. पडवी. एकच लांब शॉट.)

विसावा दिवस. पोंप, पोंप. बोंडू उठला, फाटकाकडे दोन पावलं गेला, थांबला, वळला आणि गोणपाटावर जाऊन बसला. शेपटी जमीन झाडतेय. आजींनी तुकडा दिला, पाव घेतला, सुटे पैसे मोजले. पोदेर गेला.

आम्ही सामान आवरलं. एकविसाव्या दिवशी सहज कॅमेरा लावला होता. रविवार होता. नेहमीचा पोदेर सुट्टीवर, बदली मुलगा स्कूटरवरून आला, आणि त्याचा भोंगा बारीक, जरा चिरका. बोंडू सुसाट फाटकावर. तीनदा भुंकला. चौथ्यांदा तोंड उघडलं, आणि मान मागे वळवून आजींच्या हाताकडे बघितलं.

आजींच्या हातात त्या क्षणी फक्त पिशवी होती. "थांब रे," त्या त्या मुलाला म्हणाल्या, "चिकन आणते." आणि आत गेल्या.