छत्रीचा प्रश्न

मुलांनो, कायद्याच्या प्रवेश परीक्षांबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट सोडवू. वाचनालयाबाहेर पावसात भिजलेल्या काळ्या छत्र्या ठेवल्यात. रमेश आपली समजून दुसऱ्याचीच छत्री उचलतो आणि घरी जातो. दिलेलं तत्त्व असं: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूनं हलवणं म्हणजे चोरी. मग ही चोरी झाली का?

आत्ता निम्मे हात 'हो' म्हणून वर आले. दरवर्षी येतात. 'त्यानं नीट बघायला हवं होतं,' असं तुम्हाला वाटतं. पण तत्त्वात निष्काळजीपणाबद्दल एक अक्षर नाही. हेतू अप्रामाणिक नाही, म्हणून चोरी नाही. मागच्या बाकावरून एक ताई विचारतेय, घरी गेल्यावर चूक कळली आणि तरीही त्यानं छत्री ठेवून घेतली तर? फार चांगला प्रश्न आहे. कायद्यात तो अपहाराचा, वेगळा गुन्हा होतो. मात्र उताऱ्यात ती हकीकत नसेल, तर परीक्षेत ती आपण मनानं जोडायची नाही. जे दिलंय तेवढ्यावरच निर्णय द्यायचा, हा कायद्याच्या अभ्यासाचा पहिला संस्कार आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची प्रवेश परीक्षा, क्लॅट, आता सगळी उताऱ्यांवर चालते. १२० प्रश्न, १२० मिनिटं, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. म्हणजे चार चुकांत एका बरोबर उत्तराची कमाई जाते. साधारण साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे एकामागून एक येतात. चालू घडामोडींनाही उतारा असतो, गणितालाही. पेपर फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलांना इथेच धाप लागते. बुद्धी कमी म्हणून नाही, तर इंग्रजी सलग वाचायची सवय नाही म्हणून. ही सवय गाइड पाठ करून लागत नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख वाचा आणि त्याचा मुद्दा मराठीत दोन वाक्यांत वहीत लिहा. दोन वाक्यांत मावला नाही, तर परत वाचा. पहिले पंधरा दिवस जड जातील.

महाराष्ट्राच्या लॉ सीईटीचं, म्हणजे राज्याच्या कायदा प्रवेश परीक्षेचं, गणित निराळं. तिथे चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, पुण्याचं आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ सालचं. तिथली दारं याच परीक्षेतून उघडतात. पालकांनो, 'फक्त क्लॅटच' असा हट्ट कृपा करून धरू नका.

दाराशी टेबलावर एका इंग्रजी उताऱ्याच्या झेरॉक्स ठेवल्यात, खाली पाच प्रश्न आहेत. जाताना एकेक न्या. घड्याळ लावून सोडवा आणि चुकलेलं उत्तर खोडू नका. का चुकलं, ते त्याच्याच शेजारी लिहून पुढच्या रविवारी घेऊन या.