माफ केलेला पैसा कोणाचा?

क्रिकेटच्या पैशाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आमचं मंडळ सरकारकडून एक रुपयाही घेत नाही.’ या वाक्याला कायद्यातही वजन आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक संमत केलं, तेव्हा माहितीचा अधिकार सरकारी पैशावर अवलंबून असलेल्या संघटनांपुरताच ठेवला गेला. बीसीसीआय, म्हणजे हेच क्रिकेट मंडळ, त्या अधिकाराबाहेर राहिली.

माझं म्हणणं असं, की सरकारने हातात दिलेलं अनुदान आणि सरकारने घ्यायचं सोडून दिलेलं देणं, दोन्हींचा भार एकाच तिजोरीवर पडतो.

वानखेडे स्टेडियमचंच बघा. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या आसनवाटपावरून त्याचे मालक असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बिनसलं आणि शेषराव वानखेडे यांनी मुंबईच्या क्रिकेट संघटनेसाठी स्वतंत्र स्टेडियम उभं करायचं ठरवलं. तेव्हा ते विधानसभेचे अध्यक्षही होते. जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्याने मिळालेली. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. भाडं किती? बांधकामाखालच्या जागेला चौरस यार्डाला एक रुपया, मोकळ्या जागेला दहा पैसे. त्या काळापुरतं मला ते गैर वाटत नाही. संघटनेकडे फार पैसा नव्हता, शहराला हक्काचं मैदान हवं होतं. पण २०१८ मध्ये भाडेपट्ट्याची मुदत संपली, तोवर आयपीएलचे दहा हंगाम होऊन गेले होते आणि त्यांतल्या बहुतेक हंगामांचे सामने चर्चगेटजवळच्या त्याच जागेवर झाले होते. २०१९ मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाने सुमारे १२० कोटी रुपयांच्या थकबाकीची नोटीस काढली.

बंदोबस्ताची गोष्ट मला याहून जास्त खटकते. सामन्याच्या दिवशी शहरभरातल्या ठाण्यांतून पोलीस काढून स्टेडियमभोवती लावावे लागतात, आणि तेवढा वेळ त्या ठाण्यांच्या हद्दीत पोलीस उणे पडतात. गणपतीच्या बंदोबस्ताचे पैसे कुणी मागत नाही, मागूही नयेत. पण इथे तिकीट आहे, प्रक्षेपणाचे हक्क विकलेले आहेत. म्हणून शुल्क असतं; टी-२० सामन्याला ते सत्तर लाखांच्या घरात होतं. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने मुंबईसाठी ते १० लाखांवर आणलं आणि ही सवलत थेट २०११ पासून लागू केली. म्हणजे जुनी थकबाकीही आपोआप आटली. हे प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथे २०२४ मध्ये खंडपीठाने सरकारला सुनावलं, की झोपडपट्टीवासीयांचा पाणीकर तुम्ही वाढवता आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट संघटनेला माफी देता. मला त्यात एक शब्दही जास्त वाटत नाही.

मग आयकर. बीसीसीआयची नोंदणी धर्मादाय संस्था म्हणून आहे. आयपीएल हा व्यवसाय आहे, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. आयपीएलमुळे क्रिकेटच्या प्रसाराचा मूळ हेतू बदलत नाही, असं आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरवलं. कायद्याचा अर्थ लावणं त्यांचं काम आहे. विधी आयोगाने मात्र एप्रिल २०१८ च्या २७५ व्या अहवालात हिशेब मांडून दाखवला : १९९७ ते २००७ या दहा वर्षांत मंडळाला मिळालेली करसवलत २,१०० कोटींहून अधिक होती. अशा सवलती म्हणजे सरकारने केलेला अप्रत्यक्ष अर्थपुरवठाच, म्हणून मंडळ माहिती अधिकाराखाली आणा, अशी शिफारस आयोगाने केली. ती तशीच पडून आहे.

आता प्रेक्षकाकडे या. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. दोन हजारांच्या तिकिटावर आठशे रुपये कर. तोच सामना कर लावताना चैन ठरतो आणि मंडळाच्या ताळेबंदात खेळाचा प्रसार.

मंडळ काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. निवृत्त खेळाडूंना पेन्शन मिळते, २०२२ पासून भारतीय महिला संघाला पुरुषांइतकंच सामना मानधन मिळतं. सवलत द्यायची तर याच कारणांसाठी द्यावी, पण उघडपणे द्यावी. केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर करसवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचं विवरण छापलं जातं. तसंच विवरण राज्याच्या अर्थसंकल्पातही हवं, संस्थांच्या नावांसकट : कोणत्या मैदानाचं किती भाडं येणं होतं, किती आलं, बंदोबस्ताचं किती शुल्क सोडलं आणि कोणत्या कारणासाठी. मग त्यावर आमदारांनी सभागृहात मतदान करावं.