जहाज बुडालं का ते नंतर विचारा, आधी निघालं कधी ते विचारा

नमस्कार मंडळी. कोकणातल्या गलबतांवरचा मागचा व्हिडिओ आल्यापासून कमेंटमध्ये एकच मागणी येतेय. इंग्लंडमधून हजारो लोक नवा धर्म घेऊन शिडाच्या जहाजांनी अमेरिकेला गेले, त्यांच्याबद्दल बोला. म्हणजे मॉर्मन लोकांबद्दल. आज बोलू या.

पाया पटकन सांगतो, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. 1830 मध्ये न्यू यॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ स्थापला. 1837 मध्ये त्यांचे प्रचारक इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात उतरले आणि प्रेस्टनला गेले. तिथे रिबल नदीत पहिले बाप्तिस्मे झाले. विणकर, खाणकामगार, शेतमजूर असे लोक पंथात आले. पुढे डेन्मार्क-स्वीडनमधलेही आले. सगळ्यांना एकच सांगणं होतं, की आपल्या माणसांत येऊन राहा. आधी इलिनॉयमधलं नॉवू हे गाव, आणि 1847 नंतर रॉकी पर्वतापलीकडचं, युटामधलं सॉल्ट लेक. 6 जून 1840 ला 'ब्रिटानिया' जहाज 41 जणांना घेऊन लिव्हरपूलहून सुटलं. पुढच्या 50 वर्षांत 80 हजारांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. झाला पाया.

आता ज्या प्रश्नामुळे मी कॅमेरा लावला त्याकडे येतो. निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या आहेत: "दादा, वादळात किती जहाजं बुडाली?"

अटलांटिकवर मॉर्मनांना घेऊन निघालेलं एकही जहाज बुडालं नाही. पॅसिफिकमध्ये एक फुटलं, 'ज्युलिया ॲन'. सिडनीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना 3 ऑक्टोबर 1855 च्या रात्री ते प्रवाळाच्या खडकावर आदळलं. 56 जणांपैकी 5 गेले, दोन बायका आणि तीन मुलं. समुद्रावर माणसं मेली नाहीत असं नाही. गोवर यायचा, जुलाब लागायचे, तान्ही मुलं जायची. तो लहानसा देह कापडात शिवून, वजन बांधून पाण्यात सोडायचे, आणि आई कठड्याला धरून उभी असायची. पण या प्रवासातला सगळ्यात मोठा घात वादळाने झालेला नाही. तो तारखेने झाला.

हे मला कळलं माझ्या आजोबांमुळे. आजोबा विजयदुर्गकडचे, तांडेल, म्हणजे गलबताचे प्रमुख. लहानपणी मी त्यांना विचारायचो, आजोबा, सगळ्यात मोठं वादळ कुठलं पाहिलंत? ते म्हणायचे, "वादळाचं काय विचारतोस? आगोट लागायच्या आत गलबत शाकारलं की नाही, ते विचार." म्हणजे पावसाळा लागायच्या आत गलबत किनाऱ्यावर ओढून झाकलं की नाही. आणि नारळी पौर्णिमेच्या आधी पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. लिव्हरपूलहून सुटलेल्या जहाजांच्या याद्या वाचायला बसलो तेव्हा त्यांचं हे वाक्य सारखं कानात होतं.

आता तारीख म्हणजे काय ते बघा. 1855 पर्यंतचा मुख्य रस्ता न्यू ऑर्लिन्सवरून होता. लिव्हरपूल ते न्यू ऑर्लिन्स सात-आठ आठवडे, मग आगबोटीने मिसिसिपी नदीतून वर. उन्हाळ्यात त्या खोऱ्यात पिवळा ताप आणि कॉलरा. म्हणून जहाज शरद ऋतूपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंतच सोडायचं. म्हणजे अटलांटिक ओलांडायचा ऐन हिवाळ्यात. लोक विचारतात, हे वेडे होते का, जानेवारीत कशाला निघाले? कारण जानेवारीचा समुद्र परवडला, जुलैची नदी नाही परवडली.

दुसरीकडून बघा. पुढे कॉलऱ्यामुळेच तो रस्ता सोडला आणि जहाजं न्यू यॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फियाला जाऊ लागली. लिव्हरपूल ते न्यू यॉर्क साधारण 38 दिवस. नदीचा ताप टळला, पण डोंगराचा बर्फ समोर आला. तिथून रेल्वे फक्त आयोवापर्यंत होती. पुढे 2,000 किलोमीटरहून जास्त चालायचं. बर्फ ऑक्टोबरात पडतो. उलटी मोजणी करा. जहाज लिव्हरपूलच्या गोदीत असतानाच ठरतं की तुम्ही बर्फाच्या आधी पोचणार की बर्फात सापडणार.

तिसरीकडून, तीन जहाजांवरून बघा. साल तेच, 1856. पैसे वाचवायला त्या वर्षी बैलगाडीऐवजी हातगाडी द्यायची ठरलं. सामान गाडीवर, ओढणारी माणसं. 'इनॉक ट्रेन' 23 मार्चला सुटलं. त्यावरची माणसं जूनमध्ये आयोवा सिटीहून निघाली आणि 26 सप्टेंबरला सॉल्ट लेकला पोचली. 'थॉर्नटन' सुटलं 4 मेला, 'होरायझन' 25 मेला. तेच बंदर, तीच श्रद्धा, तशीच माणसं. फरक सहा ते नऊ आठवड्यांचा. या दोन जहाजांवरचे लोक आयोवाला पोचले तर गाड्या तयार नाहीत. मग घाईत ओल्या लाकडाच्या केल्या, आणि कोरड्या हवेत ते लाकूड आकसून चाकं निखळायला लागली. वाटेतल्या फ्लॉरेन्स गावी ऑगस्टमध्ये बैठक झाली. लेव्ही सॅव्हेज या अनुभवी माणसाने सांगितलं, म्हातारी माणसं, लेकरं घेऊन आता पुढे जाऊ नका. बहुमत गेलं निघायच्या बाजूने. सॅव्हेज स्वतःही त्यांच्याबरोबर चालत गेला. 19 ऑक्टोबरला वायोमिंगमध्ये बर्फ कोसळला. या दोन जहाजांवरच्या माणसांच्या दोन तुकड्या होत्या, प्रमुख विली आणि मार्टिन; त्यांत मिळून हजाराच्या आसपास माणसं होती. 200 हून अधिक वारली. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या आल्या म्हणून बाकीचे वाचले. मार्टिनची तुकडी पोचली 30 नोव्हेंबरला.

यातला जवळजवळ प्रत्येक जण समुद्र सुखरूप पार करून आला होता. म्हणून "किती जहाजं बुडाली" हे वाचलं की मला त्रास होतो. नुसतं ते मोजलंत तर या दोनशे जणांपैकी एकही तुमच्या हिशेबात येत नाही.

एका ताईंनी फार चांगला प्रश्न विचारलाय: कर्ज काढून गेले तर हे आपल्या गिरमिटियांसारखेच ना? नाही. 1849 मध्ये 'पर्पेच्युअल इमिग्रेटिंग फंड' निघाला. त्यातून उधार मिळायचं आणि पोचल्यावर पैशाने किंवा कामाने फेडायचं, म्हणजे पुढच्याला निघता येईल. गिरमिटियांसारखा कुठल्या मळेवाल्याशी पाच वर्षांचा करार नव्हता. अर्थात बऱ्याच जणांकडून फेड झालीच नाही, आणि 1887 च्या कायद्याने अमेरिकी काँग्रेसने तो फंडच मोडला.

आणि एका गृहस्थांनी लिहिलंय, "बाटलेल्यांचं कसलं कौतुक?" हा शब्द माझ्या चॅनेलवर नको. कुणी आई-बाप, गाव सोडून, सहा फुटी फळीवर दिवसाला साडेतीन लिटर पाण्यात स्वयंपाक-पिणं भागवत महिना-दीड महिना जातो, तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते आधी समजून घ्या. त्यांचा पंथ तुम्हाला पटायलाच हवा असं नाही. 1863 च्या जूनमध्ये इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स लंडनच्या गोदीत 'ॲमेझॉन' जहाजावर गेले, ते या लोकांविरुद्ध लिहायच्या तयारीने. तिथली शिस्त पाहून प्रांजळपणे चांगलं लिहिलं. जहाजाचे वॉर्ड पाडलेले, प्रत्येकाला प्रमुख, पहाटे उठून सफाई, मग प्रार्थना, चुलीवर पाळीपाळीने रांधणं. एकटे पुरुष पुढे, एकट्या बायका मागे, मध्ये कुटुंबं.

आपल्याकडचा धागाही आहे, आणि तो मला फार आवडतो. 1853 च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून मॉर्मन प्रचारक कलकत्त्याला निघाले, त्या जहाजाचं नाव होतं 'मॉन्सून'. त्याच्या आदल्याच वर्षी ह्यू फिंडले मुंबईत उतरले होते. पुढे ते पुण्यातही राहिले आणि मराठी शिकले. पंथात फार थोडे आले, तेही बहुतेक लष्करातले गोरे.

शेवटचा प्रश्न, तारखेची ही टांगती तलवार गेली कधी? रेल्वे पुढे सरकत गेली तसतशी. 1868 मध्ये 'एमराल्ड आइल' 20 जूनला सुटलं, म्हणजे 'होरायझन'पेक्षाही जवळजवळ महिनाभर उशिरा. तोवर रूळ वायोमिंगपर्यंत पोचले होते, त्यामुळे बर्फाची भीती नव्हती. त्या जहाजावर मात्र पिण्याचं पाणी खराब निघालं आणि 37 जण समुद्रावरच गेले. मॉर्मनांना घेऊन अटलांटिक ओलांडणारं ते शेवटच्या शिडाच्या जहाजांपैकी एक. 10 मे 1869 ला युटामध्येच, प्रोमॉन्टरीला, दोन्हीकडचे रूळ जोडले गेले. आगबोटीने अकरा-बारा दिवस, पुढे रेल्वे. हातगाड्या तर 1860 नंतर कुणी ओढल्याच नव्हत्या.