ओळखीचा खोकला

(सोलापुरातल्या एका वाचनालयात निवृत्त पशुवैद्यकांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या लोकांना ऐकू येतंय का? बरं. बाहेर फलकावर ‘सीलच्या पोटातले जंत’ असं लिहिलंय. आत येताना पानवाल्यानं मला विचारलं, ‘डॉक्टर, कुणाचा गाळा सील झाला ओ?’ त्याची काही चूक नाही. हा प्राणी आपल्याकडे नाही आणि मराठीत त्याला धड नावही नाही. काही जण पाणमांजर म्हणून वेळ मारून नेतात, पण पाणमांजर वेगळं, ते आपल्या नद्यांतलं. सील हा बहुतेक करून थंड समुद्रातला. अंगावर चरबीचा जाड थर, पाण्यात बाणासारखा, जमिनीवर मात्र पोतं सरकावं तसा सरकणारा. मासे खातो पाण्यात आणि पिल्लं घालतो काठावर. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांवरच आहे.

मी ढोरांचा डॉक्टर. सांगोला, मंगळवेढा, करमाळा इथं नोकरी गेली. पुतणी नेदरलँड्सला असते, तिच्याकडे गेलो होतो. तिथं उत्तरेला पीटरबुरेन नावाचं खेडं आहे, १९७१ पासून कित्येक वर्षं तिथं आजारी सीलची शुश्रूषा चालायची. काचेपलीकडे एक पिल्लू होतं, पाचसहा महिन्यांचं असेल. मान लांब केली, तोंड उघडलं आणि खोकलं. मी जागच्या जागी थांबलो. हा खोकला मी ऐकलेला होता! पावसाळा सरता सरता मेंढरांच्या वाड्यावर धनगर म्हणायचे, ‘सायेब, कोकरांना ढास लागलीया.’ तीच ढास. पुतणी हसली. तिथल्या मुलीनं सांगितलं, फुप्फुसात जंत आहेत.

त्या किनाऱ्याला वाडेन समुद्र म्हणतात. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि त्यावर सील येऊन पडतात. पिल्लं जून-जुलैत जन्मतात. आई जेमतेम चार आठवडे पाजते, आणि ते दूध म्हणजे निव्वळ साय. मग ती निघून जाते. शिकवणं नाही, भरवणं नाही. पिल्लू आपलं आपण मासे धरायला शिकतं आणि तिथंच घोळ होतो, कारण माशाच्या अंगात जंताची अळी बसलेली असते. फुप्फुसात पोचणाऱ्या जंतांच्या मुख्य जाती दोन. ओटोस्ट्राँगायलस हा बोटभर लांब, श्वासनळीच्या मोठ्या फांद्यांत राहणारा, कधी थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत जाणारा. दुसरा पॅराफिलॅरॉइडीस, दोऱ्याहून बारीक, तो आत फुप्फुसाच्या मांसात. नळीत शेंबूड साचतो, वर जिवाणू चढतात, न्यूमोनिया होतो. ज्याचं पोट बुडी मारण्यावर चालतं त्याचा दमच तुटला तर तो मासा धरणार कसा? म्हणून उन्हाळ्यात जन्मलेली ही पिल्लं हिवाळ्याच्या तोंडाशी हाडं निघालेली अशी किनाऱ्याला लागतात.

आता गंमत बघा. याच समुद्रातला मोठा सील मेला आणि त्याचं फुप्फुस उघडलं, तर हे जंत क्वचितच सापडतात. तोही तेच मासे खातो की! पण पहिल्या वर्षात जो जगला, त्याच्या अंगानं हा शत्रू ओळखून ठेवलेला असतो. म्हणून ‘सीलला जंत होतात का’ हा प्रश्नच मला पोकळ वाटतो. होतातच. किती वयाच्या सीलला, हे विचारा.

दुसरी गोष्ट दुधाची. इथं ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांना ती अर्धी माहीतच आहे. रेडकू दहाबारा दिवसांचं झालं की आपण त्याला जंताचं औषध पाजतो. का? त्यानं अजून गवताची काडी तोंडात धरलेली नसते. जंत येतो आईच्या दुधातून. म्हशीच्या अंगात टॉक्सोकॅराची अळी गुपचूप पडून असते, म्हैस व्यायला झाली की जागी होते आणि दुधात उतरते. मातकट, घाण वासाची हगवण लागते आणि गावोगाव रेडकं त्यानं दगावतात. मालक म्हणतो, ‘चीक बाधला.’ चीक बिचारा निर्दोष असतो. अलास्काजवळच्या प्रिबिलॉफ बेटांवर फर सील असतात, बाहेर कान दिसणारे, सीलचे चुलतभाऊच म्हणा. त्यांच्या पिल्लांत हाच प्रकार चालतो, फक्त जंत वेगळा. तो आकडेकृमी, उन्सिनेरिया. वाळूतली अळी मादीच्या कातडीतून आत शिरते आणि चरबीत झोपून राहते. मादी समुद्रात महिनोन्‌महिने फिरते, अळी झोपलेलीच. विण्यासाठी मादी काठावर आली, पिल्लू झालं, पहिले काही दिवस दूध पाजलं, की त्या दुधातून अळ्या पिल्लात. दोनेक आठवड्यांत जंत मोठे होऊन आतड्याला चिकटून रक्त पितात. काळं पिल्लू, पण हिरड्या बघाव्यात तर पांढऱ्याफटक. मोठ्या सीलच्या आतड्यात हा जंत राहत नाही. काही महिन्यांत पिल्लाच्या पोटातूनही निघून जातो, पण अंडी वाळूत टाकून. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या बेटांवर पिल्लं मरण्याचं हे एक मोठं कारण होतं. तेव्हा काठावर गर्दी फार असे. खडकाळ काठापेक्षा वाळूच्या काठावर हा त्रास जास्त. आपल्याकडे ओल्या रानात अनवाणी फिरणाऱ्याला आकडेकृमी होतो, तोच हिशेब.

मोठ्या सीलच्या जठरात काय सापडतं ते सांगतो, जेवणाला अजून वेळ आहे म्हणून. करड्या सीलचं जठर उघडलं तर जंत शेकड्यांनी निघतात, डोकी अस्तरात खुपसलेली, झुबकेच्या झुबके. आणि तो सील धडधाकट असू शकतो. या जंतांचा खरा राग कोळ्यांना. सीलच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, तिथून बारीक झिंग्यासारख्या जिवांत, तिथून कॉड माशात. माशाचे तुकडे उजेडाच्या टेबलावर ठेवून तपकिरी अळ्या सुरीनं वेचून काढाव्या लागतात. सील वाढले की माशांत अळ्या वाढतात आणि मग सील मारा अशी ओरड होते. माणसाला धोका कच्चा मासा खाण्यात. आपल्या रश्श्यात ती अळी टिकत नाही, उजनीचा मासा खुशाल खा.

हृदयातही जंत होतो, आणि तो पसरवते ऊ. समुद्रात राहणारी ऊ! सीलच्या केसांत घट्ट बसते आणि त्याच्याबरोबर खोल बुडी मारून वर येते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त कौतुक तिचंच वाटलं.

एक गैरसमज काढून टाकतो. १९८८ आणि २००२ साली उत्तर युरोपात सील हजारोंनी मेले, ते जंतानं नव्हे, विषाणूनं. पिल्लांची गोष्ट वेगळी, पण मोठ्या सीलला जंत सहसा असा एकदम मारत नाही. ज्याच्यात राहतो तो मेला तर त्यालाच घर उरत नाही.

आत्ता या ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: ‘मग पिल्लांना औषध का देत नाहीत?’ माझाही हात लगेच बाटलीकडेच जातो. ऑस्ट्रेलियात सी लायनच्या, म्हणजे फर सीलसारख्याच कानवाल्या भाऊबंदाच्या, पिल्लांवर हे करून बघितलंय. ती जात धोक्यात आहे. तिथं आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलं तर आकडेकृमी जातात, रक्तही सुधारतं. पण पिल्लू धरायचं म्हणजे चिडलेल्या आयांच्या मधून जायचं. आणि वाळूतल्या अळ्या तशाच, आईच्या चरबीतल्या तशाच. पुढच्या विणीला पुन्हा पहिल्यापासून. फुप्फुसातल्या जंतांना तर जपून मारावं लागतं. सगळे एकदम मेले तर मेलेले जंतच आत सूज आणतात. एका कळपात मी घाईनं औषध पाजलं होतं, दुसऱ्या दिवशी कोकरं जास्तच धापायला लागली. तो धनगर मला काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

त्या काचेपलीकडच्या पिल्लाचं पुढं काय झालं, हे पुतणीला मी दर फोनवर विचारायचो. मार्चमध्ये त्याला सोडलं म्हणाली. पेटीचं दार उघडल्यावर थोडा वेळ बसून राहिलं, मग चिखलावरून सरकत पाण्यात गेलं. मी विचारलं, खोकत होतं का? तर म्हणाली, ‘काका, वारा इतका होता, काही ऐकूच आलं नाही.’