जुन्या प्रश्नपत्रिका पुरवून वापरा

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो,

केंब्रिज, ऑक्सफर्ड, इम्पिरियल यांसारख्या ब्रिटिश विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांची तयारी कशी करावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. अशा विषयावर बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाने पुस्तकांची यादी द्यावी आणि वेळापत्रक आखून द्यावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. यादी मी देणार नाही, आणि वेळापत्रकाविषयी शेवटी थोडे बोलेन. माझा भर एकाच गोष्टीवर राहील. या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका संख्येने मोजक्या असतात आणि बहुतेक विद्यार्थी त्या फार लवकर, फार घाईने आणि भलत्याच कामासाठी खर्च करून टाकतात.

शाळेच्या परीक्षेने आपल्याला एक सवय लावलेली असते. अभ्यासक्रम ठरलेला, धडे ठरलेले, धडे संपले की तयारी झाली, आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या त्या ‘काय येते’ याचा अंदाज घेण्यासाठी. ही सवय घेऊन विद्यार्थी प्रवेश परीक्षेकडे वळतो तेव्हा पहिला धक्का बसतो तो अभ्यासक्रम पाहून, कारण तो अगदीच ओळखीचा निघतो. गणिताची टीएमयूए ही परीक्षा घ्या. घातांक, लॉगॅरिदम, बहुपदी, त्रिकोणमिती, साधे विकलन आणि संकलन यांपलीकडे तिच्यात फारसे काही नाही, फक्त दुसऱ्या पेपरात तर्कशास्त्राची आणि सिद्धता तपासण्याची थोडी भर असते. एखादा धडा राहून गेला म्हणून या परीक्षेत गुण जातात असे क्वचितच घडते. गुण जातात ते येत असलेल्या गोष्टींपैकी नेमकी कोणती इथे लागू पडते हे न सुचल्यामुळे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. 2 चा 100 वा घात मोठा की 3 चा 65 वा घात मोठा, हे कॅल्क्युलेटर न वापरता सांगायचे आहे. ज्याला 2 आणि 3 यांचे लॉगॅरिदम पाठ आहेत तो दोन गुणाकार करून मोकळा होईल, आणि त्यात गैर काही नाही. ज्याला ते पाठ नाहीत तो विद्यार्थी बहुधा लॉगॅरिदमचे नियम कागदावर लिहितो, किंमती आठवत नाहीत म्हणून थांबतो आणि प्रश्न सोडून देतो. आता 100 आणि 65 या आकड्यांकडेच जरा नीट पाहा. त्यांचा मसावि 5 आहे. म्हणजे 2 चा 20 वा घात आणि 3 चा 13 वा घात यांची तुलना केली की काम झाले, कारण दोन्हींचा पुन्हा पाचवा घात केल्याने लहानमोठेपणा बदलत नाही. 2 चा 10 वा घात 1024, म्हणून 20 वा घात साडेदहा लाखांच्या आतच राहतो. 3 चा 6 वा घात 729. त्याचा वर्ग 700 च्या वर्गापेक्षा, म्हणजे 4,90,000 पेक्षा मोठा, आणि त्याला आणखी एकदा 3 ने गुणले की आपण 14,70,000 च्या पुढे जातो. अर्थात 3 चा 65 वा घात मोठा. इथे 729 गुणिले 729 हा गुणाकारसुद्धा कोणी केलेला नाही. घातांकांचे नियम वर्गातल्या प्रत्येकाला येतात, पण आकड्यांकडे आधी पाहण्याची सवय प्रत्येकाला नसते, आणि परीक्षा तपासते ती ही सवय.

ती लागायची तर न पाहिलेल्या प्रश्नासमोर बसावे लागते, अडावे लागते आणि अडल्यावरही थोडा वेळ तिथेच थांबावे लागते. म्हणूनच न पाहिलेला प्रश्न मौल्यवान असतो, आणि तो एकदाच वापरता येतो. एकदा उत्तर पाहिले की तो प्रश्न उजळणीचा झाला, कसोटीचा राहिला नाही. टीएमयूएच्या उपलब्ध असलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका 2016 ते 2023 या आठ वर्षांच्या आहेत. दरवर्षी दोन पेपर आणि प्रत्येकात 20 प्रश्न, म्हणजे नमुना प्रश्नपत्रिका वगळता एकूण 320 प्रश्न झाले. सुट्टीत जोर लावणारा विद्यार्थी एवढे प्रश्न तीन आठवड्यांत संपवू शकतो, आणि संपवतोही. ईसॅट ही अभियांत्रिकी आणि विज्ञान शाखांची परीक्षा तर 2024 मध्येच सुरू झाली. तिच्या तयारीसाठी तिच्याआधी केंब्रिज ज्या दोन परीक्षा घेत असे त्यांच्या प्रश्नपत्रिकांवर भागवावे लागते. या बाबतीत सुदैवी म्हणायचे तर स्टेप या गणिताच्या प्रवेश परीक्षेच्या विद्यार्थ्यांना म्हणावे लागेल, कारण ती परीक्षा 1987 पासून चालू आहे आणि तिच्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात. ऑक्सफर्डनेही गणिताच्या आपल्या परीक्षेच्या 2007 पासूनच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह खुल्या ठेवल्या आहेत. विद्यार्थी ऑक्सफर्डला अर्ज करणारा नसला तरी टीएमयूएच्या सरावासाठी त्या उपयोगी पडतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मग हे भांडवल वापरायचे कसे? माझे मत असे की सर्वांत जुनी एक प्रश्नपत्रिका सुरुवातीलाच, घड्याळ न लावता, नुसती परीक्षेची जात कळावी म्हणून सोडवावी. सर्वांत अलीकडच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांना मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत हात लावू नये. उत्सुकता म्हणून उघडूनही पाहू नये, कारण प्रश्नावरून नुसती नजर फिरली तरी त्याचा नवेपणा गेलेला असतो. मधल्या वर्षांचे प्रश्न हा खरा सरावाचा माल. ते पेपर म्हणून न सोडवता एकेक प्रश्न म्हणून सोडवावेत, आणि उत्तराचे पान उघडण्यापूर्वी त्या प्रश्नाशी निदान वीस मिनिटे झटावे. परीक्षेत इतका वेळ मिळणार नाही, हे मला माहीत आहे. सरावात तो द्यायचा असतो.

पालकांनी इथे थोडे सांभाळून घ्यावे. ‘आज किती पेपर झाले?’ हा घरात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाला पुरे पडण्यासाठी मुले पेपर संपवत सुटतात. त्याऐवजी ‘आज कुठे अडलास?’ असे विचारले तर संभाषण थोडे लांबेल, पण कामाचे होईल.

उत्तर वाचले आणि ‘अरे, हे तर मला येत होते’ असे वाटले, की आपण समाधानाने पुढे जातो. हे समाधान फसवे असते. डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकी संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला फार बोलका वाटतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले गेले. एका गटाने एका आकृतीची सगळी उदाहरणे ओळीने सोडवली, मग दुसऱ्या आकृतीची, असे करत सराव केला, तर दुसऱ्या गटाला तीच उदाहरणे सरमिसळ करून दिली होती. सराव चालू असताना ओळीने सोडवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरे बरोबर येत होती आणि सरमिसळ सोडवणाऱ्यांची अवघी 60 टक्के. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पहिला गट 20 टक्क्यांवर घसरला होता आणि दुसरा 63 टक्क्यांवर टिकून होता. कोणते सूत्र वापरायचे हे पहिल्या गटाला कधी ठरवावेच लागले नव्हते, कारण ते त्या पानानेच ठरवून दिले होते. प्रवेश परीक्षेत प्रश्नावर धड्याचे नाव छापलेले नसते. तेव्हा आज त्रिकोणमिती, उद्या लॉगॅरिदम अशी वाटणी पहिल्या ओळखीपुरती ठीक आहे; त्यानंतर प्रश्न मिसळूनच घ्यावेत, आणि सरावात गुण कमी पडू लागले तर घाबरू नये.

चुकांची वही ठेवा, हा सल्ला तुम्ही अनेकदा ऐकला असेल, आणि अशी वही ठेवणारे विद्यार्थीही पुष्कळ असतात. अडचण असते ती वहीत काय लिहिले जाते याची. मघाच्या उदाहरणात अडलेला विद्यार्थी ‘घातांकांचे नियम पुन्हा वाचणे’ असे लिहितो. ही नोंद निरुपयोगी आहे, कारण नियम त्याला येतच होते. ‘मोठ्या घातांची तुलना करताना आधी घातांकांचा मसावि पाहायचा’ ही नोंद उपयोगाची, कारण पुढच्या वेळी कोणती हालचाल करायची हे तिच्यात आहे. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तर वहीत येऊच देऊ नये. निष्काळजीपणालाही जात असते: एकाचे ऋण चिन्ह कंस सोडवताना हरवते, दुसरा ‘नसलेला’ हा शब्द वाचायचाच विसरतो, तिसरा वर्गमूळ घेताना दुसरी किंमत सोडून देतो. आपली जात कोणती हे दहा-बारा नोंदींत कळते, आणि ते कळले की तपासणी कुठे करायची तेही कळते.

टीएमयूएच्या दुसऱ्या पेपराबद्दल दोन शब्द, कारण तिथे हुशार विद्यार्थीही गोंधळतात. ‘एखादी संख्या 4 ने भागली जाते आणि 6 नेही भागली जाते, म्हणून ती 24 ने भागली जाते’ हे विधान कानाला बरोबर वाटते. 12 घेऊन पाहिले की ते कोसळते. 4 ने आणि 6 ने भाग जाणे ही 24 ने भाग जाण्यासाठी आवश्यक अट आहे, पण पुरेशी नाही. आवश्यक आणि पुरेशी यांतला हा फरक व्याख्या पाठ करून अंगी बाणत नाही. रोजच्या पाठ्यपुस्तकातले कोणतेही प्रमेय घ्यावे, ते उलटे फिरवावे आणि उलटे विधान खरे की खोटे हे स्वतः ठरवावे. खोटे असेल तर लहानात लहान प्रतिउदाहरण शोधावे. यासाठी एकही जुनी प्रश्नपत्रिका खर्ची पडत नाही.

आता घड्याळ. या सगळ्या परीक्षांना विद्यार्थी सरसकट ‘वेगाची परीक्षा’ म्हणतात, ते बरोबर नाही. ईसॅटच्या प्रत्येक विभागात 40 मिनिटांत 27 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही नाही. टीएमयूएमध्ये 75 मिनिटांत 20 प्रश्न, म्हणजे पावणेचार मिनिटे. स्टेपमध्ये तीन तासांचा वेळ असतो, 12 प्रश्नांपैकी सर्वोत्तम सहाच मोजले जातात, म्हणजे एकेका प्रश्नाला अर्धा तास मिळतो. ईसॅटसाठी घोटलेली सवय स्टेपमध्ये घातक ठरते. तिथे सुरुवातीची दहा मिनिटे पूर्ण प्रश्नपत्रिका वाचून कोणते प्रश्न घ्यायचे हे ठरवण्यात घालवणारा विद्यार्थी वेळ वाया घालवत नसतो, आणि आठ प्रश्नांचे तुकडे करण्यापेक्षा चार प्रश्न शेवटपर्यंत नेणे बहुधा अधिक गुण देऊन जाते. ईसॅटमध्ये याच्या उलट दीड मिनिटात वाट दिसली नाही तर पर्याय निवडून पुढे सरकता आले पाहिजे. ईसॅट आणि टीएमयूए या दोन्हींत ऋण गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात शहाणपण नाही. या दोन्ही परीक्षा संगणकावर होतात. कागदावर सराव केलेल्या विद्यार्थ्याला आकृतीवरच खुणा करण्याची सवय असते आणि पडद्यावर ते जमत नाही, म्हणून शेवटचे सराव पेपर तरी पडद्यावर ठेवून, आकृती कच्च्या कागदावर उतरवून घेत सोडवावेत.

कायद्याच्या शाखेसाठी असलेल्या एलनॅटची गोष्ट वेगळी आहे. 95 मिनिटांत 12 उतारे आणि त्यांवरचे 42 प्रश्न, मग 40 मिनिटांत एक निबंध. उताऱ्याच्या विषयाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून लेखकाने नेमके काय म्हटले आणि काय म्हटलेले नाही एवढेच पाहणे, ही तिथली खरी कसरत असते. वर्तमानपत्रातला एक अग्रलेख रोज घ्यावा आणि लेखकाचा निष्कर्ष, त्यामागची कारणे आणि न बोलता गृहीत धरलेली गोष्ट तीन वाक्यांत लिहून काढावी. ज्या लेखाशी आपले मत जुळत नाही तो मुद्दाम निवडावा, कारण पटणाऱ्या लेखातली गृहीतके सहसा दिसतच नाहीत.

नोंदणीबद्दल थोडक्यात. ईसॅट, टीएमयूए आणि एलनॅट यांची नोंदणी विद्यापीठाच्या अर्जापासून स्वतंत्र असते आणि ती विद्यार्थ्यालाच करावी लागते. प्रवेशाच्या एका वर्षात यांतली प्रत्येक परीक्षा एकदाच देता येते. केंब्रिजला जाऊ इच्छिणाऱ्यांना ईसॅट किंवा टीएमयूए ऑक्टोबरच्या सत्रातच द्यावी लागते, जानेवारीचे सत्र त्यांच्या उपयोगाचे नाही. स्टेप मात्र प्रवेशाचा सशर्त देकार मिळाल्यानंतर जूनमध्ये असते आणि निकाल ऑगस्टमध्ये लागतो.

वेळापत्रकाविषयी बोलेन असे म्हटले होते. ज्यांच्या हाती सहा महिने आहेत त्यांनी पहिले तीन महिने जुन्या प्रश्नपत्रिकांकडे फारसे न वळता मिसळलेले प्रश्न सोडवावेत. ज्यांच्या हाती पाचच आठवडे उरले आहेत त्यांनीही सगळे पेपर उरकण्याच्या मागे लागू नये. पहिले तीन आठवडे दिवसाला चार-पाच न पाहिलेले प्रश्न पुरेत, तेही वहीतल्या नोंदींसकट. चौथ्या आठवड्यात राखून ठेवलेल्यांपैकी दोन पेपर पूर्ण वेळ लावून, एका बैठकीत, शक्यतो परीक्षेच्याच वेळी सोडवावेत आणि प्रत्येकानंतरचा पूर्ण दिवस त्या पेपराच्या पाहणीला द्यावा: बरोबर आलेल्या उत्तरांपैकी अंदाजाने आलेली कोणती, कुठे तीन मिनिटे उगाच गेली, कोणता प्रश्न आधी सोडून द्यायला हवा होता. शेवटच्या आठवड्यात एकच पेपर, तोही सुरुवातीला, आणि त्यानंतर नवे काही न उघडता फक्त ती वही वाचावी.